पलटवलेली कॉलर

"उलटून दाखव बरं."

समोरच्या माणसाचे नाव विचारण्याआधी त्यांचा हात त्याच्या बाहीकडे जाई. बाहीचे टोक दोन बोटांत धरून त्या आतली बाजू वर काढत, शिलाई पाहत, एखादा सुटलेला दोरा दिसला तर तो नखाने तोडत आणि मगच विचारत, "हं, आता सांग, काय नाव तुझं?" आमच्या महाविद्यालयातल्या मुलींना याची इतकी सवय झाली होती, की दुसऱ्या वर्षी त्या फाटकातून आत येताना दिसल्या तेव्हा मुली आधीच बाह्या उलट्या करून व्हरांड्यात रांगेने उभ्या होत्या. प्राचार्यांच्या सफारीचा खिसाही त्यांनी एकदा असाच उलटून पाहिला. त्यातून बडीशेप सांडली. प्राचार्य त्या दिवशी दुपारपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

मुली त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही येथे ताईच म्हणतो. त्यांचे नाव मला ठाऊक नाही असे नाही. पण ते नाव एकदा माझ्या हातून मळले आहे, आणि पुन्हा कागदावर उतरवण्याचा अधिकार मला उरला आहे असे वाटत नाही.

मी भंडाऱ्याला पदवीच्या मुलांना वाणिज्य शिकवतो. विद्यापीठाच्या सूचनेवरून महाविद्यालयात करिअर मार्गदर्शन कक्ष उघडला गेला, तेव्हा कोणी तो घेईना, म्हणून तो माझ्याकडे आला. वर्षातून तीन-चार पाहुणे बोलवायचे, त्यांच्याकडून मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगवायच्या, एवढेच काम. पण जिल्हा विभागून गोंदिया वेगळा झाल्यापासून आमच्या प्राचार्यांना एक वेगळीच चिंता लागली होती. नामवंतांची जुनी यादी समोर घेऊन ते एकेका नावावर बोट ठेवत आणि म्हणत, "हे तिकडे गेले. हेही तिकडे गेले. आपल्याकडे कोण उरलं, सर?" पाहुणा आपल्याच जिल्ह्याचा हवा आणि मोठा हवा, हा त्यांचा हट्ट होता.

अशा वेळी करडीच्या एका विद्यार्थिनीने सांगितले, की तिच्या गावची एक ताई बंगळूरला फॅशन डिझायनर आहे.

मी फोन केला. ताईंनी स्वतःविषयी तीन गोष्टी सांगितल्या. आई गावात ब्लाउज शिवते, तिच्या मशीनखाली बसून शिवण शिकले. नागपूरला डिप्लोमा केला. वीस वर्षांपासून बंगळूरच्या एका कपड्यांच्या कंपनीत लहान मुलांचे फ्रॉक आणि शर्ट डिझाइन करते, ते कंपनीच्या नावाने बाजारात जातात. मी हे टिपून प्राचार्यांना दाखवले. त्यांनी कागद खालीवर केला आणि विचारले, "यात टाळ्या कुठे आहेत?"

टाळ्या मी घातल्या. तुम्हीही अशा सभांना बसला असाल. पाहुण्यांचा परिचय म्हणजे काय असते ते तुम्हाला सांगायला नको. सत्काराच्या शालीसारखाच तोही असतो. पाहुण्याच्या अंगाला बसतो की नाही, हे कोणी पाहत नाही. बंगळूरमध्ये स्वतःचे भव्य दालन, परदेशांतल्या प्रदर्शनांतून गौरव, नामांकित चित्रतारकांच्या वस्त्रांची रचना, असे सगळे मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले. लिहिताना मला बरे वाटत होते, हेही कबूल करतो. आपण एका माणसाला मोठे करीत आहोत, असा काहीतरी आनंद होता तो.

त्यांना आणायला मी स्कूटर घेऊन वरठीला स्टेशनवर गेलो. फॅशन डिझायनर म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर एक गॉगल होता. त्या गॉगलच्या शोधात मी फलाटावर दोन फेऱ्या मारल्या आणि दोन्ही वेळा एका सावळ्या, किरकोळ बाईंच्या समोरून गेलो. साधा सुती पंजाबी ड्रेस, त्यावर कोसा रेशमाची ओढणी, हातात कापडी पिशवी. तिसऱ्या फेरीला त्यांनीच माझी बाही धरली.

"तुम्ही सर ना? उलटून दाखवा बरं... हं. हा भंडाऱ्याचाच टेलर आहे. काज पाहा कसं केलं, बटन जांभई देऊन राहिलं."

सभागृहात मी परिचय वाचला. टाळ्या पडल्या. ताई उठल्या, माइक खाली ओढून आपल्या उंचीला आणला आणि म्हणाल्या, "सरांनी जिच्याबद्दल वाचलं, थ्या बाईले मलेही एकदा भेटाचं आहे. कुठं राहते बापा थे?"

सभागृह हसले. प्राचार्य माझ्या कानाशी म्हणाले, "किती विनम्र आहेत, नाही?" ताईंनी दोनदा सांगून पाहिले, की आपले दालन वगैरे काही नाही. जितके नाकारले तितके लोक भारावले. आमच्याकडे पाहुण्याने खरे बोलायचे ठरवले तरी ते त्याला बोलता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. पाहिले, आणि गप्प बसलो.

नंतर चहा घेताना त्यांनी माझ्या हातातला तो कागद मागून घेतला. "हा मले द्या, सर. आईले वाचून दाखवते. लई हासन थे." मग कागदाची घडी घालता घालता हळूच विचारले, "पण लिहिलं काहून असं?"

"परिचयात थोडं चालतं, मॅडम."

"कपड्यात नाई चालत," त्या म्हणाल्या. चिडून नव्हे. ज्या सुरात काज-बटनाची माहिती देत, त्याच सुरात.

त्याआधी सभागृहात त्यांनी भाषण असे केलेच नव्हते. करिअर हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. एका मुलीने विचारले, "ताई, डिझायनर बनाले किती दिवस लागते?"

"मी पहिले तीन वर्षं दुसऱ्याचे काज-बटन केले. चौथ्या वर्षी मले एक खिसा काढू देला. थो खिसा मी आईले पोस्टानं धाडला होता."

"निस्ता खिसा?"

"निस्ता खिसा. शर्ट कंपनीचा होता ना, बाई!"

मग मुलींना त्यांनी घरचा अभ्यास दिला. घरातला एक जुना शर्ट घ्यायचा, पूर्ण उसवायचा, एकेक तुकडा ओळखायचा आणि पुन्हा जसाच्या तसा शिवायचा. "तसाच झाला तं मले फोन करजा. नाई झाला तं आधी बापाची माफी मागजा, मंग मले फोन करजा."

वरठीच्या एका मुलीने हे फार मनावर घेतले. तिचे वडील तिथल्या पोलाद कारखान्यात होते. तिने त्यांचा खाकी शर्ट उसवला, पुन्हा शिवला आणि खुंटीला टांगून ठेवला. वडील तो घालून सायकलने कामावर गेले, आठ तास काम करून परत आले आणि त्यांना काही कळले नाही. कळले तेव्हा ते मला भेटायला महाविद्यालयात आले. शर्टाची बाही उलटी करून मला दाखवीत म्हणाले, "सर, मले समजलंच नाई ना! पोट्टीनं माह्या अंगावरचा शर्ट बदलून टाकला." त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. पुढे तो मला वेगळ्या स्थितीत पाहावा लागला, म्हणूनही असेल.

दुसऱ्या वर्षी ताई आल्या त्या स्वखर्चाने, रजा टाकून. माझ्या कच्च्या मसुद्यावरून परिचय यंदा कार्यालयात टाइप करून फाइलला लावलेला होता. तोच मी पुन्हा वाचला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग माझ्या गळ्याकडे पाहिले.

"सर, इकडं या बरं. शर्ट काढा."

दाढी घासून घासून माझ्या कॉलरची घडी विरली होती. गृहअर्थशास्त्र विभागातले शिलाई मशीन मुलींनी व्यासपीठावर आणून ठेवलेलेच होते. मी बनियनवर उभा. लाज झाकायला दुसरे काही नव्हते, म्हणून सत्कारासाठी आणलेली शाल अंगावर घेतली. पाहुण्याची शाल पांघरून यजमान बसला आहे आणि पाहुणी त्याची कॉलर उसवते आहे, हे दृश्य पाहून मुलींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आले. मीही हसत होतो. इतका मोकळा मी त्या सभागृहात पूर्वी कधी हसलो नव्हतो, नंतरही नाही.

ब्लेडने शिलाई काढता काढता त्या बोलत होत्या. "पाहून ठेवा. तुमचं पहिलं काम हे राहीन. पहिल्याच दिवशी कोणी तुमाले नवरीचा घागरा शिवाले देणार नाई. विरलेली कॉलर देईन. तिची लाज वाटली, तं या धंद्यात येऊ नका." विरलेली बाजू त्यांनी आत घातली, कोरी बाजू वर आणली, मशीनवर टीप मारली आणि शेवटचे चार टाके हाताने घातले. शर्ट माझ्या हाती देताना म्हणाल्या, "कॉलर एकदाच पलटते, सर. आता जपून."

घरी पत्नीने कॉलर चाचपून विचारले, "नवा शर्ट घेतलात?"

त्या दिवशी वरठीच्या फलाटावर गाडीला उशीर होता. तेथे त्यांनी मला मनातली गोष्ट सांगितली.

"सर, मले वापस याचं आहे. आईचे डोळे गेल्यासारखे झाले. अन् बंगळूरले माह्यासारख्या शंभर बाया आहेत. इथं एक नाई. तुमच्या कॉलेजात एक खोली द्या मले. वर्षभराचा वर्ग घेते. कापणं, शिवणं, डिझाइन. आपला कोसा जगभर जाते, अन् आपल्या पोट्ट्याईले त्याचा ब्लाउज बेतता येत नाई."

मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् पुढच्या वर्षी परिचय मी लिहून आणीन. तुम्ही फक्त वाचजा."

मी प्रस्ताव मांडला. प्राचार्यांनी तो उचलून धरला. टेबल टेनिसची जुनी खोली रिकामी केली, तिला चुना मारला, जूनमध्ये वर्ग सुरू होणार असे ठरले. ताईंनी कंपनीला राजीनामा कळवला. "आईले सांगतलं," असे त्यांनी फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला होता.

मे महिन्यात वरठीच्या त्या मुलीचे वडील तिला घेऊन बंगळूरला गेले. तिथल्या एका संस्थेत डिझाइनच्या अभ्यासक्रमाची मुलाखत होती. मुलीच्या वहीत परिचयातले वाक्य न् वाक्य टिपलेले होते. वडिलांना ते भव्य दालन पाहायचे होते. ताई जूनमध्ये परतणार होत्या, पण तिथे मुलगी राहणार होती ती त्यांच्याच ओळखीच्या बायांजवळ. मुलीला इतक्या दूर ठेवायचे, तर ज्यांच्या शब्दावर ठेवायचे त्यांची जागा डोळ्यांनी पाहावी, यात त्या माणसाचे काय चुकले? ते कंपनीच्या फाटकाशी पोचले. गळ्यात टेप अडकवलेल्या ताई बाहेर आल्या. त्यांनी दोघांना कॅन्टीनमध्ये जेवू घातले, मुलीला आपले टेबल दाखवले आणि वडिलांना सांगितले, की दालन नाही, कधी नव्हते, ते लिहिण्यात चूक झाली. कोणाची चूक, हे सांगितले नाही.

परत आल्यावर ते थेट प्राचार्यांच्या खोलीत आले. आवाज चढलेला नव्हता. तेच अधिक कठीण होते.

"बाई चांगली हाय, साहेब. जेवाले घातलं आमाले. पण खोटं कायले बोलली? जे बाई स्वतःबद्दल खोटं सांगते, तिच्या भरवशावर मी पोट्टीले येवढ्या दूर कशी ठेवू?"

मुलगी दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी फाइलकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाची समिती बसली. प्राचार्यांनी टाइप केलेला परिचय पुढे सरकवला आणि मला विचारले, "ही माहिती कुठून आली?"

मला उत्तर द्यायला फारसा वेळ लागला नाही, हे मला आज सर्वांत भयंकर वाटते. मी म्हणालो, "पाहुण्यांकडून मिळालेल्या माहितीवरून परिचय तयार केला होता." वाक्य असे बेतले होते की नंतर मलासुद्धा त्यात खोटे सापडू नये. तीन गोष्टींची माहिती त्यांच्याकडूनच आली होती. त्यावरून परिचयही तयार झाला होता. बाकीचे मी सांगितले नाही एवढेच. माझी पदोन्नती त्या वर्षी विचाराधीन होती, आणि पाहुण्यांविषयी खोटे लिहिणारा समन्वयक म्हणून माझे नाव निघाले असते. इतके लहान कारण होते.

समितीतले एक गृहस्थ हलकेच म्हणाले, "असंच असतं या लोकांचं."

कोणत्या लोकांचे, हे कोणी विचारले नाही. ताईंच्या आजोबांनी छप्पनमध्ये धम्मदीक्षा घेतली होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. माझ्या वाक्यावर सगळ्यांचा इतक्या सहज विश्वास का बसला, हे मला त्या क्षणी कळले. कळले, आणि मी त्या सोयीचा फायदा घेतला.

वर्ग तूर्त स्थगित करण्यात येत आहे, असे पत्र गेले. समन्वयक म्हणून खाली सही माझी होती.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "सर, पत्र भेटलं." मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. "तुमी तं त्याईले खरं सांगतलं असनच ना?"

आणि मी म्हणालो, "हो, मॅडम. खूप सांगितले. कोणी ऐकले नाही."

पहिले खोटे मी भीतीने बोललो, असे एखादे वेळी म्हणता येईल. या दुसऱ्याला मला आजवर नाव सापडलेले नाही.

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी तरी येकटे काय करान. मनाले लावून घेऊ नका, सर."

त्यांनी माझे सांत्वन केले.

कंपनीत त्यांची जागा भरली गेली होती. काही काळ त्यांनी तेथेच घरी बसून काम केले, मग पोटाचे दुखणे निघाले आणि त्या करडीला आईकडे परतल्या. हे मला करडीच्या मुलांकडून समजत होते. माझ्या घरापासून करडी म्हणजे स्कूटरने तासाभराचा रस्ता. चार वर्षे तो रस्ता मला जमला नाही. कधी परीक्षा होत्या, कधी प्रवेश, कधी नुसता रविवार होता. धानाच्या बांधीतून जाणाऱ्या त्या रस्त्याने मी एकदा अर्ध्यापर्यंत गेलो, एका टपरीवर चहा घेतला आणि परत आलो. घरी सांगितले, स्कूटर बिघडली.

मग एके सकाळी स्टाफरूममध्ये कोणीतरी वर्तमानपत्र उलगडताना म्हणाले, "त्या फॅशनवाल्या बाई गेल्या म्हणे." आणि पान उलटले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन दोन दिवस झाल्यावर मी करडीला गेलो. अंगावर तोच, कॉलर पलटवलेला शर्ट होता. मुद्दाम घातला होता की हाताला लागला म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही.

अंगणात ताईंची आई बसली होती. डोळ्यांत पांढरी झाक, पण मान आवाजाच्या दिशेने नेमकी वळत होती. पडवीत मशीन होते, त्यावर चादर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या खाली प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद. माझे अक्षर मी दारातूनच ओळखले.

मी माझे नाव सांगितले.

"सर हाव का तुमी? बसा, बसा." आईंनी चाचपून खुर्ची पुढे केली. "लई नाव काढे तुमचं. म्हणे, आई, सगळ्या कॉलेजात येकटे सर भांडले माह्यासाठी."

मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. कागद मी लिहिला होता. विचारले तेव्हा मी सांगितले नाही. फोनवरही खोटेच सांगितले. सांगताना मी एकही शब्द सावरून घेतला नाही; निदान तेवढे तरी त्या दिवशी जमले.

आईंची बोटे लुगड्याच्या काठावरून फिरत होती, काठाची शिलाई मोजल्यासारखी.

"तिले सांगाचं होतं, सर," शेवटी त्या म्हणाल्या. "रागावली असती. दोन रोज बोलली नसती तुमच्यासंगं. मंग हासली असती." मग म्हणाल्या, "चार वर्षं मशीनवर बसली नाई पोट्टी. मी म्हणो, गावातल्या पोरींले शिकव. तं म्हणे, आई, खोट्या बाईजवळ कोण पोरगी धाडन? मले वाटे, दुखण्यानं बोलून राहिली."

 

करडीहून परतल्यावर मी काय केले, तेही सांगून टाकतो. जुने प्राचार्य निवृत्त झाले होते. नव्या प्राचार्यांना मी सगळे लेखी दिले. त्यांनी वाचले, "आता याचा काय उपयोग?" असे विचारले आणि कागद फाइलला लावला. वरठीला मी त्या वडिलांच्या घरी गेलो. मुलीचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. ते म्हणाले, "मंग मी पोट्टीले अडवलं कायले, सर?" तो प्रश्न त्यांनी मला विचारला की स्वतःला, हे मला समजले नाही. पण हे सगळे नंतरचे. माझे मन थांबते ते त्या अंगणातच.

आईंनी मला भिंतीवरचा तो कागद काढायला सांगितला. "मागून तिनं पेन्सिलीनं काई लिहून ठेवलं हाय. मले दिसत नाई, अन् दिसे तेवाही वाचता येत नव्हतं. दुसऱ्याले वाचू देत नव्हती. म्हणे, हे सरांनीच वाचाचं हाय, स्टेजवर."

मी पाकिटातून कागद काढला आणि उलटला. मागे, पेन्सिलीने, ओळीवर ओळ:

करडी गावची. आई शिवते.

आईच्या मशीनखाली बसून शिकली.

नागपूरला डिप्लोमा.

तीन वर्षे काज-बटन. चौथ्या वर्षी एक खिसा.

बंगळूरला वीस वर्षे लहान मुलांचे कपडे. ते कोणी घातले, माहीत नाही.

स्वतःचे दुकान नाही.

मी ते वाचले ते उभ्याने, जरा मोठ्या आवाजात, जसा परिचय वाचतात तसे. समोर आई होत्या, झाकलेले मशीन होते. पहिल्या ओळीला आईंनी मान हलवली. खिशाच्या ओळीला त्या म्हणाल्या, "हाय. पेटीत हाय थो." 'स्वतःचे दुकान नाही' इथवर येऊन मी थांबलो.

"झालं?" त्यांनी विचारले.

झाले, असे म्हणणे सोपे होते. त्यांना दिसत नव्हते. अशा वेळी माझ्या तोंडून कोणता शब्द आधी निघतो, हे मला आता ठाऊक आहे. तो ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"नाही," मी म्हणालो. "आणखी एक ओळ आहे."

"वाचा मंग."

मी वाचले: "आपल्या कॉलेजात एका सरांची कॉलर पलटवून दिली. अजून टिकून आहे का, ते वाचणाऱ्यांनी सांगावे."

आईंनी हात पुढे केला. "पाहू."

मी खुर्चीच्या पाठीला धरून खाली वाकलो. त्यांची बोटे माझ्या गळ्याशी आली, कॉलरच्या घडीवरून हळूहळू सरकली. ही बाजूही आता विरली होती, आत घातलेल्या बाजूसारखीच. बोटांनी कॉलर उलटून पाहिली. मानेच्या मागे, जेथे हाताने घातलेले चार टाके होते, तेथे ती येऊन थांबली.

"हे तिचेच हायत," त्या म्हणाल्या.

बोटे त्यांनी काढली नाहीत. मीही मान वर केली नाही.